पापणीच्या काठावरील चिकटद्रव्य

मराठी भाषेने पापणी हा एकच शब्द दोन गोष्टींना दिला आहे. डोळ्यावर मिटणाऱ्या नाजूक पडद्यालाही पापणी म्हणावयाचे, आणि त्या पडद्याच्या काठावर उगवणाऱ्या केसांनाही पापणीच म्हणावयाचे. संस्कृताने मात्र त्या केसांकरिता ‘पक्ष्म’ असा स्वतंत्र शब्द राखला आणि ज्या स्त्रीच्या पापण्या लांब व दाट असतील तिला ‘पक्ष्मलाक्षी’ म्हणून गौरविले. दाट पापण्यांची आवड अशी जुनी आहे. ती पुरविण्याचे साधन मात्र अगदी अलीकडचे. काजळाने डोळा रेखीव दिसतो, पण पापणी लांब होत नाही. विसाव्या शतकात चित्रपट व रंगभूमी यांच्याबरोबर पट्टीवर ओवलेल्या नकली पापण्या आल्या. त्या समारंभापुरत्या लावावयाच्या आणि निजण्यापूर्वी काढून ठेवावयाच्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपान व दक्षिण कोरिया या देशांत एकेका नैसर्गिक केसावर एकेक कृत्रिम केस चिकटविण्याची पद्धत फैलावली. ती आता आपल्याकडेही आयलॅश एक्स्टेन्शन या नावाने शहरोशहरीच्या ब्यूटी पार्लरांतून रूढ झाली आहे. हे काम करणाऱ्या व्यक्तीला लॅश आर्टिस्ट म्हणतात. हा व्यवसाय बहुतांशी स्त्रियांच्या हाती आहे, आणि तो वाटतो तितका हलका नाही.

या कारागिराच्या हाताशी असलेली सामग्री थोडकीच असते. दोन बारीक चिमटे, पॉलिस्टरच्या जातीच्या धाग्याचे बाकदार काळे केस, खालच्या पापणीवर ठेवावयाचे जेल पॅड, आणि बोटाच्या दोन पेरांएवढी एक बाटली. चिमटा चुकीचा निवडला तर वेळ अधिक लागेल; केस चुकीचा निवडला तर शोभा उणावेल. पण बाटली चुकीची निवडली, किंवा योग्य बाटली अयोग्य रीतीने वापरली, तर ज्या अवयवासाठी हा सारा शृंगार मांडला त्यालाच अपाय होतो. म्हणून त्या बाटलीत काय असते आणि ते कसे वागते, हे समजून घेणे हा या कलेचा पहिला धडा होय.

या द्रव्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज एका साध्या क्रियापदात दडलेला आहे. ग्लू अजून वाळला नाही, हा ग्लू लवकर वाळतो, असे सर्रास बोलले जाते. आपल्या परंपरेला माहीत असलेली बहुतेक चिकटद्रव्ये खरोखरच वाळतात. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून कागदाला लावला, की त्यातील पाणी उडून जाते आणि डिंक मागे राहतो. पतंगाच्या कागदाला लावलेल्या खळीचेही तसेच. सुताराचा सरस आचेवर पातळ होतो, निवताना थिजतो, आणि त्यातील पाणी निघून गेले म्हणजे सांधा पक्का होतो. पापण्यांकरिता वापरले जाणारे द्रव्य या कुळातले नव्हे. ते पाणी गमावून घट्ट होत नाही. पाणी मिळाल्यामुळे ते घट्ट होते. एवढे एक सत्य जिने मनात धरले, त्या कारागिराला पुढील नियम पाठ करावे लागत नाहीत. त्यांतील बहुतेक तिला आपोआप उमगतात.

या द्रव्याचे नाव सायनोॲक्रिलेट. त्याचा शोध एका निराशेतून लागला. १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमदर्शकासाठी स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक शोधीत होता. त्या खटाटोपात हे द्रव्य त्याच्या हाती आले. पण ते ज्याला लागेल त्याला चिकटे, म्हणून निरुपयोगी समजून बाजूस सारण्यात आले. पुढे १९५१ मध्ये त्याच कंपनीच्या टेनेसी येथील प्रयोगशाळेत फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने एका मापनयंत्राच्या दोन लोलकांमध्ये या द्रव्याचा पातळ थर दिला, आणि ते महागडे लोलक एकमेकांस असे चिकटले की सुटेनात. तेव्हा कूव्हरच्या ध्यानात आले, की ज्याला आपण दोष म्हणत होतो तोच या द्रव्याचा गुण आहे. १९५८ मध्ये ते विक्रीस आले आणि सुपर ग्लू या नावाने जगभर पसरले.

त्याची किमया अशी. बाटलीतील द्रव्याचे रेणू सुटे सुटे असतात. त्यात मुद्दाम मिसळलेल्या अत्यल्प आम्लामुळे ते सुटेच राहतात. पण पाण्याचा नुसता अंश लागला, की पहिला रेणू जागा होतो, तो दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि क्षणार्धात हजारो रेणूंची साखळी तयार होऊन द्रवाचा घनपदार्थ बनतो. त्यासाठी पाण्याचा थेंब लागत नाही. हवेतील बाष्प आणि केसाच्या पृष्ठभागावर नेहमीच असलेला ओलाव्याचा अदृश्य थर एवढे त्याला पुरे होते. लॅश आर्टिस्टच्या बाटलीत असते ते हेच द्रव्य. त्यात दाटपणा येण्यासाठी प्लास्टिकचा अंश आणि काळेपणासाठी काजळीच्याच जातीचा कार्बनचा रंग मिसळलेला असतो. हा रंग तळाशी बसतो. म्हणून वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी लागते.

आता पहिला प्रश्न निवडीचा. हे द्रव्य हवेतील ओलाव्यावर घट्ट होत असल्यामुळे त्याची निवड हवा पाहून करावी लागते. उत्पादक बहुधा सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्के आणि उष्णता २० ते २४ अंश सेल्सियसच्या आसपास असावी, अशी अपेक्षा धरतात. आपल्या देशात ही अपेक्षा बारमाही पुरी होत नाही. जुलैतील मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. मे महिन्यातील नागपुरात दुपारी ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. एकच बाटली या दोन ठिकाणी दोन निराळ्या द्रव्यांसारखी वागते. पावसाळी मुंबईत ती चिमट्यावरच, केस जागेवर बसण्यापूर्वी, घट्ट होऊ लागते. सांधा वरून बसल्यासारखा दिसतो. पण तो ठिसूळ असतो, आणि कधी त्यावर पांढरी झाक येते. उलट नागपूरच्या कोरड्या दुपारी तेच द्रव्य ओले राहते, केस घसरतो, आणि ओल्या द्रव्याची वाफ अधिक वेळ उठत राहते.

येथे ‘वाळणे’ हा शब्द कसा घात करतो ते पाहावे. द्रव्य वाळत नाही म्हणून नागपुरातील एखादी कारागीर खोली आणखी कोरडी करील, तर ती अडचण वाढवील. तिने हवेला थोडा ओलावा दिला पाहिजे. मुंबईच्या कारागिराला वातानुकूलन यंत्राची मदत होते, कारण ते हवा थंड करते तसा तिच्यातील ओलावाही काढून घेते. विदर्भातील वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच्या अगदी उलट, तो हवा ओली करतो. म्हणून त्याच्या झोताच्या तोंडाशी बसून काम केले तर थेंब पाहता पाहता थिजेल. तेव्हा भिंतीवर एक साधे आर्द्रतामापक, ज्याला बाजारात हायग्रोमीटर म्हणतात, ते टांगावे आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याकडे पाहावे. त्याची किंमत एका बाटलीहून फारशी अधिक नसते, पण ते अनेक बाटल्या वाचविते.

निवडीचा दुसरा निकष म्हणजे कारागिराचा स्वतःचा हात. काही द्रव्ये अर्ध्या-एका सेकंदात पकड घेतात, काहींना तीन किंवा अधिक सेकंद लागतात. जलद द्रव्य म्हणजे उत्तम द्रव्य, अशी समजूत नवशिक्यांत आढळते. वस्तुतः जलद द्रव्य जलद हातासाठी असते. ज्या हाताला एक केस निवडून, वेगळा धरून, त्यावर दुसरा केस बसविण्यास तीन सेकंद लागतात, त्याने एका सेकंदाचे द्रव्य घेतले तर प्रत्येक सांधा अर्धवट थिजलेल्या थेंबाने जोडला जाईल. बहुतेक बाटल्यांत इथाइल जातीचे सायनोॲक्रिलेट असते. त्याची पकड जलद व बळकट, पण वाफ तीव्र. मेथॉक्सीइथाइलसारख्या जातींची वाफ सौम्य असते, पण त्या सावकाश घट्ट होतात. वेग आणि सौम्यता ही दोन्ही एका बाटलीत पूर्णपणे मिळत नाहीत; कोणते किती सोडावयाचे, हे कारागिराने ठरवावयाचे असते.

तिसरा निकष बाटलीवरील मजकुराचा, आणि येथे डोळस वाचनाची गरज आहे. काही बाटल्यांवर ‘मेडिकल ग्रेड’ असे शब्द असतात. शस्त्रवैद्य जखमा जोडण्यासाठी सायनोॲक्रिलेट वापरतात हे खरे. त्यातील ऑक्टाइल जातीच्या एका द्रव्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये त्वचेच्या जखमांसाठी मान्यता दिली. परंतु वैद्यकाने ब्यूटाइल व ऑक्टाइल या लांब साखळीच्या जाती निवडल्या, त्या इथाइलपेक्षा सावकाश विघटित होतात आणि शरीराला कमी उपद्रव देतात म्हणूनच. इथाइलच्या बाटलीवर ते दोन शब्द छापल्याने ती औषध ठरत नाही. ‘फॉर्माल्डिहाइड-विरहित’ या शब्दांचेही तसेच. फॉर्माल्डिहाइड मुद्दाम घातलेले नसले, तरी सायनोॲक्रिलेटच्या विघटनातून त्याचा अंश निर्माण होऊ शकतो. म्हणून ज्या बाटलीवर घटकांची नावे, तयार केल्याची तारीख व वापराची मुदत स्वच्छ लिहिलेली नाही ती घेऊ नये. घरगुती दुरुस्तीसाठी मिळणारा सुपर ग्लू तर, तो त्याच कुळातला असला तरी, डोळ्याजवळ कदापि आणू नये.

बाटली निवडली की तिचा सांभाळ आला. तोही त्याच एका सत्यावरून ठरतो. बाटलीचा वैरी ओलावा. म्हणून ती उभी, थंड व अंधाऱ्या जागी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. न उघडलेली बाटली शीतकपाटात राहू शकते. पण बाहेर काढल्यावर ती खोलीच्या उष्णतेला आल्याखेरीज उघडू नये, कारण थंड बाटलीवर बाष्प धरते आणि झाकण काढताच ते आत शिरते. दर वेळी तोंड पुसून झाकण घट्ट लावावे. पुसण्यासाठी कापूस मात्र घेऊ नये. कापूस व लोकर यांच्या स्पर्शाने हे द्रव्य इतक्या वेगाने घट्ट होते की चटका बसण्याइतकी उष्णता उत्पन्न होते. त्यासाठी तंतू न सुटणारे कागदी रुमाल मिळतात. एकदा उघडलेली बाटली साधारण महिना-दीड महिना नीट काम देते. पुढे तिच्यात द्रव्य शिल्लक असले तरी तिचा मोह धरू नये. काम करताना काचेच्या किंवा जेड दगडाच्या तुकड्यावर थेंब काढतात. तोही हवेतील ओलावा पीतच असतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी, आणि दमट दिवसांत त्याहूनही लवकर, नवा थेंब घ्यावा.

मग प्रत्यक्ष काम. वरच्या पापणीवर साधारणपणे १०० ते १५० केस असतात, आणि ते सर्व एका वयाचे नसतात. काही नुकते उगवलेले, काही भर वाढीत, काही गळण्याच्या वाटेवर. म्हणून एका वेळी एकच केस वेगळा धरून त्यावर एकच सांधा करावयाचा, असा नियम आहे. त्यापूर्वी पापणी स्वच्छ, तेलरहित करून कोरडी करावी, कारण तेल हे या सांध्याचे वैरी होय. कृत्रिम केसाचे टोक थेंबात जरासे बुडवून सावकाश काढावे, म्हणजे त्यावर पातळ लेप येतो. गाठ येता कामा नये. सांधा त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर दूर असावा. द्रव्य अधिक झाले, तर शेजारचे दोन केस एकत्र चिकटतात. त्या दिवशी ते दिसत नाही. पण पुढे एक केस वाढू लागतो, दुसरा जागीच असतो, आणि वाढणारा केस सोबत्याला मुळापासून ओढू लागतो. डोळा चुरचुरतो, केस अकाली गळतो, आणि असे पुनःपुन्हा झाले तर मुळाला कायमची इजा होऊ शकते. काम संपले म्हणजे प्रत्येक केस सुटा आहे की नाही हे चिमट्याने तपासून पाहणे, हा कामाचाच भाग मानावा.

लांबीच्या हौसेलाही निसर्गाने मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश असल्याचे आढळले. एवढ्या लांबीच्या पापण्या वाऱ्याचा वेग अडवितात, बुबुळावरचा ओलावा राखतात आणि धूळ कमी करतात; त्याहून लांब झाल्या तर उलट वारा डोळ्याकडे वळवितात. पापणी ही शोभेपूर्वी राखणदार आहे, याचे हे प्रमाण होय.

आता मुख्य धोक्याची गोष्ट. जे द्रव्य ओलाव्याच्या शोधात असते त्याच्याजवळ, मिलिमीटरांच्या अंतरावर, शरीरातील एक सदैव ओला अवयव असतो. म्हणून काम चालू असताना ग्राहक स्त्रीचे डोळे पूर्ण मिटलेले असले पाहिजेत. किंचित फट राहिली, तरी द्रव्याची वाफ अश्रूंच्या थरावर बसते आणि डोळे लाल होतात. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढावयास सांगाव्यात. चुकून द्रव्य डोळ्यात गेलेच, तर कोमट स्वच्छ पाण्याने डोळा सावकाश व भरपूर धुवावा आणि विनाविलंब नेत्रवैद्याकडे जावे. पापण्या चिकटल्या तर त्या ओढून उघडू नयेत, आणि ॲसिटोन किंवा सांधा सोडविण्याचे कोणतेही द्रव्य डोळ्यात घालू नये. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात; ओढाताणीने झालेली जखम मात्र तशी भरून येईलच असे नाही.

दुसरा धोका सावकाश येतो, तो ॲलर्जीचा. वाफेने झालेली चुरचुर काही तासांत ओसरते. ॲलर्जीत मात्र एक-दोन दिवसांनी पापण्या सुजतात, खाजतात, आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्रास वाढत जातो. आधी अनेकदा निर्वेधपणे हे काम करून घेतलेल्या स्त्रीलाही ती जडू शकते, कारण पुनःपुन्हा झालेल्या स्पर्शातूनच ती जन्मते. २०१२ मध्ये ‘कॉर्निया’ या वैद्यकीय नियतकालिकात जपानी नेत्रवैद्यांनी अशा रुग्ण स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत डोळ्याच्या पृष्ठभागाचा दाह व पापण्यांची ॲलर्जी हे विकार प्रामुख्याने आढळले. म्हणून नव्या ग्राहकाची, आणि नवी बाटली घेतल्यास जुन्या ग्राहकाचीही, २४ ते ४८ तास आधी अल्प द्रव्याने चाचणी घ्यावी. ही चाचणी पूर्ण अभय देत नाही, पण बराच धोका आधी कळवून देते. ॲलर्जी एकदा सिद्ध झाली, की बाटली बदलून उपयोग होत नाही. नाव निराळे असले तरी आतील द्रव्य त्याच कुळातले असते. अशा स्त्रीला नम्रपणे, पण स्पष्टपणे नकार द्यावा.

कारागिराने स्वतःलाही विसरू नये. ग्राहक स्त्री महिन्यातून एकदा दोन तास या वाफेजवळ असते. कारागीर रोज आठ-आठ तास तिच्यावर ओणवलेली असते. सायनोॲक्रिलेटची वाफ हे कामगारांतील दम्याचे एक ज्ञात कारण आहे. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे खालीच रेंगाळते. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी, पण तिचा झोत थेंबावर येऊ देऊ नये; हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. साधा कापडी मुखपट्टा वाफ अडवीत नाही, हे ध्यानात असावे. संध्याकाळी छाती भरून येत असेल आणि सुटीच्या दिवशी बरे वाटत असेल, तर ती सूचना समजून वैद्याला दाखवावे.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २००८ मध्ये या कामाला सौंदर्य-व्यवसायाच्या परवान्याच्या कक्षेत गणले, ते डोळ्यांच्या तक्रारी वाढू लागल्यामुळेच. परवान्याची सक्ती कोठे असेल, कोठे नसेल. पण या कामात एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. न्हावी, शिंपी, सोनार यांचे काम ग्राहकाला डोळ्यांदेखत पाहता येते. येथे ग्राहकाचे डोळेच मिटलेले असतात. थेंब ताजा आहे की थिजलेला, सांधा त्वचेला टेकला की नाही, बाटलीची मुदत कधी संपली, यांतले काहीच तिला दिसत नाही. मराठीत अशा वेळी डोळ्यांत तेल घालून जपावे असे म्हणतात. या व्यवसायात तेल वर्ज्य आहे; तेव्हा वाक्प्रचारातील जपणूक तेवढी घ्यावी, आणि मिटलेल्या दोन डोळ्यांच्या वतीने कारागिराने आपले दोन डोळे उघडे ठेवावेत.